हॉलपॅकची तापलेली बॉडी

छत्रपती संभाजीनगरभोवतीच्या काळ्या दगडाच्या खाणींतून क्रशरपर्यंत माल नेतात ते रस्त्यावर धावणारेच टिपर; खाण-डंपर इथे दिसत नाहीत. म्हणून जुन्या खाण-डंपरवर लिहा असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी वाळूजला, मुलाकडे राहायला आलेल्या एका निवृत्त ऑपरेटरांना गाठलं. त्यांची नोकरी चंद्रपूरच्या ओपन कास्ट कोळसा खाणींत गेली, त्यातली बरीच वर्षं पस्तीस टनी हॉलपॅक डंपरवर.

राल्फ क्रेस यांनी आखलेला हॉलपॅक अमेरिकेत १९५७ मध्ये आला. आपल्याकडे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या बीईएमएल या सरकारी कंपनीनं त्याच घराण्याचे डंपर बनवले. त्यात पाट्यांच्या स्प्रिंगऐवजी तेल आणि नायट्रोजन भरलेले सिलिंडर असतात. शिफ्टच्या सुरुवातीला ऑपरेटर गाडीभोवती फेरी मारून सिलिंडरचा चकचकीत दांडा किती बाहेर आहे ते बघत. तो आत बसलेला दिसला म्हणजे गॅस गेला; मग हॉल रोडवरचा, म्हणजे खाणीतल्या वाहतुकीच्या रस्त्यावरचा, प्रत्येक खड्डा थेट चासीला आणि पाठीला.

पण मला अडकवून ठेवलं ते माल भरायच्या बॉडीनं. इंजिनाचा धूर नुसता हवेत न सोडता बॉडीच्या पोकळ कप्प्यांतून फिरवायचा! बॉडी खाली बसली की धुराची नळी तिच्या तोंडाला भिडते, उचलली की सुटते. चंद्रपूरला कोळशाच्या वर काळी माती आहे, आणि पावसाळ्यात ती तळाला अशी धरते की बॉडी पूर्ण उचलली तरी लगदा जागचा हलत नाही. पुढची खेप तेवढी कमी भरते. त्याहून वाईट म्हणजे माती टाकायच्या डंपच्या कडेवर, बॉडी वर असताना तो एकदम निसटला तर सगळी गाडी हिंदकळते. तापलेल्या पोलादावर माती धरत नाही. फेकून द्यायच्या उष्णतेतून काढलेला हा उपाय मला फार देखणा वाटतो.

मातीसाठी एवढा विचार करणाऱ्या या यंत्रात माणसाच्या वाट्याला मात्र फारसं काही आलं नाही. जुन्या केबिनला एसी नव्हता, आणि चंद्रपूरचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. शेजारी इंजिन, काचेतून धूळ. केबिन डावीकडे, त्यामुळे उजव्या चाकाजवळ उभी जीप ऑपरेटरला दिसतच नाही. खाणीतल्या जीपवर उंच काठीला झेंडा लावतात तो यासाठीच. त्या ऑपरेटरांना आज जमिनीवर मांडी घालता येत नाही.

ते डंपर आता सर्व्हे ऑफ होऊन, म्हणजे निकामी ठरून, भंगारात गेले. कोळसा कंपनीच्या ताफ्यात साठ आणि शंभर टनी गाड्या आल्या, त्यांना बऱ्या केबिन आहेत. पण माती काढण्याचं बरंचसं काम कंत्राटदारांच्या टिपरांकडे गेलंय. खाण नियमांप्रमाणे ठरावीक मुदतीनं होणारी वैद्यकीय तपासणी कंत्राटी चालकालाही लागू आहे. तरी कंत्राट संपलं की दुसऱ्या खाणीवर जाणाऱ्या त्या चालकाच्या मणक्याचा, कानांचा, फुप्फुसांचा सलग हिशेब कुणाच्या फायलीत राहणार?