वैमानिकाच्या मांडीवरील पाटी

लहान विमान हाकणाऱ्या वैमानिकाच्या मांडीवर एके काळी घडीचा कागदी नकाशा असे. अमेरिकेतील टपालविमानांचे वैमानिक एल्रे जेपसन हे धावपट्ट्यांची, टेकड्यांची व वाटेतील अडथळ्यांची माहिती एका छोट्या वहीत टिपून ठेवीत. १९३४ साली त्यांनी ती टिपणे दहा डॉलरला विकावयास काढली आणि त्यातूनच विमानमार्गांच्या नकाशांचा एक मोठा व्यवसाय उभा राहिला.

नकाशा शिळा झाला की तो धोक्याचा ठरतो. म्हणून आंतरराष्ट्रीय संकेतानुसार हवाई माहितीतील बदल दर २८ दिवसांनी, आधी ठरलेल्या तारखांना अमलात येतात. कागदाच्या जमान्यात जुनी पाने काढून नवी घालणे हे मोठे कंटाळवाणे काम होते. १९१० साली जे स्वप्नातही आले नसते, ते २०१० च्या एप्रिलमध्ये आयपॅड बाजारात आल्यावर साध्य झाले. पाऊण किलोच्या आतील या पाटीत साऱ्या देशाचे नकाशे मावू लागले. अमेरिकेत खाजगी उड्डाणांत कागदाऐवजी ती वापरण्यास मुभा आहे. मात्र माहिती चालू तारखेची असावी, ही जबाबदारी वैमानिकाचीच असते.

परंतु ही पाटी घरात वापरण्यासाठी घडविलेली आहे, विमानासाठी नव्हे. विमानात पक्की बसविलेली उपकरणे उष्णता व कंपने यांच्या कसोटीस उतरलेली असतात. आयपॅडसाठी मात्र त्याच्या निर्मात्यांनीच ० ते ३५ अंश सेल्सियस ही तापमानाची मर्यादा सांगितली आहे. काचेतून येणाऱ्या कडक उन्हात तो तापला म्हणजे आपण होऊन बंद पडतो. केवळ वाय-फाय असलेल्या आयपॅडमध्ये उपग्रहांवरून स्थान ओळखणारा ग्राहक नसतो. तो वेगळा जोडावा लागतो. आवरणातील लोहचुंबक जवळच्या होकायंत्राची सुई विचलित करू शकतो, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

याहून सूक्ष्म धोका पडद्यावरील पावसाच्या चित्रात आहे. अनेक रडारकेंद्रांची निरीक्षणे गोळा करून, जोडून हे चित्र तयार होते व मग विमानाकडे धाडले जाते. चित्रावर दाखविलेले वय हे ते जोडले गेल्यापासूनचे असते, निरीक्षणापासूनचे नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने जून २०१२ मध्ये असा इशारा दिला की, प्रसंगी यातील निरीक्षण दाखविलेल्या वयापेक्षा १५ ते २० मिनिटांनी अधिक जुने असू शकते. ताशी २२० किलोमीटर वेगाचे विमान २० मिनिटांत सुमारे ७३ किलोमीटर अंतर कापते. तेवढ्यात वादळही आपली जागा सोडते. पडद्यावर दोन ढगांमधील जी वाट मोकळी दिसते, ती आकाशात केव्हाच मिटलेली असू शकते. म्हणून हे चित्र वादळाला दुरून वळसा घालण्यासाठी वापरावयाचे, त्यातून वाट काढण्यासाठी नव्हे.

यावरून पाटी टाकाऊ ठरत नाही. तिला सावली व वारा द्यावा, उड्डाणापूर्वी तिची विद्युत्‌घटमाला पूर्ण भरून घ्यावी, नकाशे आधीच उतरवून घ्यावेत, आणि दुसरे एखादे साधन किंवा कागदी नकाशा हाताशी ठेवावा. मुख्य म्हणजे दृष्टी पडद्यावर खिळू देऊ नये. पाटी ज्ञान देते; पण समोरचे आकाश आता कसे आहे, हे काचेबाहेर पाहणाऱ्या डोळ्यांनाच ठाऊक असते.