छाप्याआडचे सत्य

प्रगणक दारी येऊन कुटुंबातील माणसे मोजतो, तोवर उत्तरे सरळ मिळतात. पण दारू, लाच किंवा गर्भपात यांविषयी विचारले, की मंडळी एकमेकांकडे पाहतात आणि सोयीचे उत्तर पुढे येते. ‘नाव गुप्त ठेवू’ हे आश्वासन येथे अपुरे पडते. कारण समोर बसलेल्या परक्याने तर ते ऐकलेलेच असते!

ही अडचण स्टॅन्ले वॉर्नर या अमेरिकी संशोधकाने १९६५ साली गणिताने सोडविली. कोणत्या विधानाला ‘हो’ वा ‘नाही’ म्हणावयाचे, हे फिरत्या काट्याने ठरवावयाचे आणि काटा कोठे थांबला ते उत्तर देणाऱ्यानेच पाहावयाचे, अशी त्याची योजना होती.

तिचाच एक सोपा प्रकार शाळेतल्या उदाहरणाने सांगतो. समजा, २०० विद्यार्थ्यांना ‘परीक्षेत कॉपी केलीत काय?’ असे विचारावयाचे आहे. प्रत्येकाने आडोशाला नाणे उडवावे. छापा पडला तर काहीही असो, ‘हो’ लिहावे. काटा पडला तर खरे लिहावे. समजा, १३० ‘हो’ आले. त्यांतले सुमारे १०० नाण्याचे. उरलेल्या १०० जणांत ३० ‘हो’, म्हणजे कॉपीचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास. मात्र अमक्याचा ‘हो’ नाण्याचा की मनाचा, हे मुख्याध्यापकांनाच काय, ते कागद जप्त करणाऱ्यालाही कळणार नाही. गुप्तता कोणाच्या सचोटीवर टांगलेली नाही, हे आम्हांस या युक्तीचे खरे मोल वाटते.

पुढे अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात गर्भपाताविषयीच्या पाहणीत ही पद्धत वापरली गेली. तेथे रंगीत गोळ्यांच्या पेटीने प्रश्न ठरे : एका रंगाला गर्भपाताचा, दुसऱ्या रंगाला जन्ममहिन्याचा. ‘हो’ म्हणणाऱ्या स्त्रीवर बोट ठेवणे अशक्यच.

अर्थात याची किंमत आहे. निम्मी उत्तरे नाण्याने खाल्ल्यामुळे माणसे पुष्कळ लागतात. २० नाण्यांत १० ऐवजी १३ छापे पडणे मुळीच नवलाचे नाही. तेवढ्या लहान वर्गात हिशेब कोलमडतो. शिवाय आमच्या नमुन्यात ‘नाही’ लिहिणारा पूर्ण निर्दोष ठरतो, म्हणून कॉपी न केलेला मुलगाही छापा पडल्यावर ‘हो’ लिहिण्यास कचरतो. वॉर्नरच्या काट्यात ही उणीव नाही. तेथे दोन्ही उत्तरे सारखीच संदिग्ध. पण तो समजावून सांगण्यास वेळ लागतो, आणि ज्याला युक्ती समजली नाही तो तिच्यामागे डाव शोधतो.