कळलावीचा फोटो: पेण-रोह्याच्या पावसाळी फुलांसाठी

पावसाळ्यात पेण-रोहा भागात कुंपणांवर कळलावी पेटते, बांधाबांधावर गुलाबी तेरडा उभा राहतो. फोटो मात्र बऱ्याचदा लाल डागासारखा येतो. असं का?

कळलावीच्या 6 पाकळ्या मागे वळून वर जातात आणि 6 पुंकेसर आडवे पसरतात. जवळून एफ/2.8 वर टिपलं, तर जेमतेम काही मिलिमीटरचाच पट्टा स्पष्ट येतो. म्हणून फोकस परागकोशांवर धरावा आणि छिद्र एफ/8च्या आसपास ठेवावं. कॅमेरा फुलाला समांतर धरला की जास्त भाग त्या पट्ट्यात येतो.

लाल रंग लवकर फाटतो, पाकळीच्या शिरा पुसल्या जातात. एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप कमी ठेवावं. मोबाइलवर फुलावर बोट दाबून फोकस लॉक करावा, मग उजेडाची पट्टी खाली ओढावी.

मऊपणासाठी श्रावणातलं ढगाळ आभाळ उत्तम, सावल्या कडक पडत नाहीत. ऊन निघालंच, तर पांढऱ्या छत्रीची सावली धरावी.

पार्श्वभूमी धूसर हवी? फुलाच्या जवळ जावं आणि मागची झाडी लांब असेल असा कोन निवडावा. वारा असेल तर शटर 1/500.

कळलावीचा कंद विषारी असतो. तो उकरू नये.