फरशीवर फरशी... पण दार उघडेल ना?

रीसेल फ्लॅट घेतलाय, ईएमआय सुरू झालाय आणि हॉलमधली जुनी मोझॅक टाइल डोळ्यांना खुपतेय? मग एव्हाना कुणीतरी सांगितलंच असेल, ‘‘फोडाफोडी कशाला? वरूनच व्हिट्रिफाइड टाका. चार दिवसांत हॉल चकाचक!’’ आयडिया वाईट नाही. डेब्रिज उचलायचा खर्च वाचतो, खालच्या मजल्यावरच्या काकूही खूश. फक्त एक प्रश्न राहून जातो. जमीन नक्की किती वर येणार?

टाइल ९-१० मिलिमीटर, खालचं अॅडेसिव्ह ३ ते ५. म्हणजे साधारण अर्धा इंच, मिस्त्रींच्या भाषेत चार सूत. पण मिस्त्री जुन्या सवयीने सिमेंट-वाळूचा बेड टाकायला निघाला, तर थेट दोन इंच! आणि मग प्रश्न नुसत्या उंचीचा उरत नाही. बेड आणि टाइल मिळून चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपास वजन होतं. घराच्या स्लॅबवर माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला साधारण २०० किलो भार येईल, असं धरून डिझाइन करतात. त्यातला निम्मा तुम्ही फरशीलाच देऊन टाकला. तीनशे स्क्वेअर फुटांच्या हॉलमध्ये हे पावणेतीन टन होतात, बॉस! जुन्या बिल्डिंगमध्ये तर हा बेड नकोच.

अर्धा इंचही वाटतो तितका गरीब नाही. लाकडी दार खालून रंधून घेता येतं, पण बाहेरच्या लोखंडी सेफ्टी डोअरला कटर आणि वेल्डिंगवाला लागतो. बाल्कनीच्या स्लायडिंगचं तर विचारूच नका. त्याचा खालचा ट्रॅक नव्या फरशीत बुडाला, की जुलैच्या पावसात ट्रॅकमधलं पाणी बाहेर जायच्या ऐवजी सोफ्याखाली येतं. बाथरूमचं गणित उलटं. तिथली जमीन बाहेरच्यापेक्षा अर्धा इंच तरी खाली हवी. त्यामुळे ‘आधी बाथरूम करू, हॉल दिवाळीनंतर’ हा प्लॅन फसतो. आणि तिथे टाइल चढवलीच, तर नहाणीची जाळीही वर घ्यायची आणि उतार नव्याने काढायचा. किचनचा ओटा मात्र तिथेच राहतो, म्हणजे तुमच्यासाठी अर्धा इंच बुटका होतो. उंच मंडळींच्या कमरेला हे बरोबर कळतं.

मग करायचं काय? काम सुरू होण्याआधी एक रविवार काढा. मिस्त्रींना पाण्याच्या नळीने सगळ्या भिंतींवर एकाच लेव्हलची खूण करायला सांगा आणि तिथून खाली जमिनीपर्यंत ठिकठिकाणी मोजा. जिथे माप सगळ्यात कमी, तिथे जमीन सगळ्यात उंच. तुमची उंची तीच जागा ठरवणार, कारण बाकीचा भाग तिच्या लेव्हलला भरून घ्यावा लागतो. प्रत्येक दार पूर्ण उघडून खालची फट बघा. जुन्या टाइलवर नाणं वाजवा. बऱ्याच ठिकाणी पोकळ आवाज आला, तर सरळ फोडा. सुटलेल्या लादीवर नवी लादी टिकत नाही.

घरात गुडघ्यांचं दुखणं असलेली आई किंवा आजी असेल, तर पॅसेजच्या तोंडाशी अर्ध्या इंचाची पायरी ठेवूच नका. ठेच लागते ती अशाच, न दिसणाऱ्या पायरीला. एक तर सगळं घर एका लेव्हलला घ्या, नाहीतर तिथे तिरका ग्रॅनाइटचा पट्टा बसवा.

आणि कोटेशनमध्ये तयार जमिनीची उंची मिलिमीटरमध्ये लिहून घ्या, टाइल बुक करायच्या आधी. दुकानात मांडून ठेवलेली ९ मिलिमीटरची टाइल आणि १२ ची टाइल समोरून अगदी सारखी दिसते.