शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा होते, हे घरोघरच्या गृहिणीला सांगायला नको. पण चार शेतांतल्या पिकावरून हजारो पोती धान्याची खरेदी ठरवायची असेल, तर? किती शिते दाबून पाहावीत, आणि ती आपल्याला फसवत नाहीत हे कशावरून ओळखावे?

या प्रश्नाला वाट दाखवली ती डब्लिनच्या गिनेस या बिअरच्या कारखान्यातल्या एका नोकरदाराने. त्याचे नाव विल्यम सीली गॉसेट. ऑक्सफर्डला रसायन आणि गणित शिकून तो १८९९ साली तेथे कामाला लागला. कोणते जव चांगले, कोणते हॉप्स घ्यावेत, हे प्रयोग करून ठरवायचे. पण प्रयोग खर्चाचे, म्हणून नमुने मोजकेच. तेव्हाचे संख्याशास्त्र मात्र मोठमोठ्या आकड्यांवर पोसलेले!

गॉसेटने सूत्र मांडले आणि मग ते मोठ्या चिकाटीने पडताळले. ३००० गुन्हेगारांची उंची आणि मधल्या बोटाची लांबी त्याने पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, तुकडे चांगले पिसले आणि चार-चारांचे ७५० गट पाडले. सूत्र सांगत होते त्याच्याशी गटांचे आकडे चांगले जुळले. १९०८ साली त्याचा निबंध प्रसिद्ध झाला, पण कारखान्याच्या शिस्तीमुळे खऱ्या नावाने नव्हे, तर ‘स्टूडंट’ या टोपणनावाने. तीच आजची ‘स्टूडंटची टी-कसोटी’. दोन सरासरींत दिसलेला फरक हा नुसत्या योगायोगाने पडू शकणाऱ्या फरकाच्या कितीपट आहे, एवढेच ती विचारते.

परीक्षा म्हटली की चूकही आलीच. १९२६ साली गॉसेटने एगॉन पिअर्सन या तरुण शास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रातून एक धागा निघाला. आणि पिअर्सन व येर्झी नेमन यांनी तो पुढे नेऊन चुकांचे दोन प्रकार स्पष्ट मांडले. आपल्या भाषेत सांगायचे तर, नसलेल्या सापाच्या भीतीने भुई धोपटणे ही पहिली चूक. आणि खऱ्या सापाला दोरी समजून त्यावर पाय देणे ही दुसरी. नवे बियाणे जुन्यासारखेच असताना ते सरस मानून पैसा ओतला, ही पहिली. ते खरोखर सरस असताना नाकारले, ही दुसरी.

गंमत अशी की, नमुना तेवढाच ठेवून एक चूक आवळली की दुसरी सैल होते. दोन्ही कमी करायच्या तर शिते वाढवायला हवीत, म्हणजे खर्च आला. म्हणून कोणती चूक आपल्याला महाग पडेल, हे व्यापाऱ्याने आकडे पाहण्याआधीच ठरवायचे असते.

पहिल्या चुकीला पुष्कळदा शंभरात पाच एवढी मोकळीक देतात. ती किरकोळ वाटते खरी. पण समजा, एखाद्या साबणवाल्याने २० निरनिराळी वेष्टने एकेक करून तपासली आणि त्यांतल्या एकाचाही विक्रीवर काडीइतका परिणाम होत नाही. तरीसुद्धा निदान एक तरी वेष्टन ‘यशस्वी’ ठरण्याचा संभव शेकडा सुमारे ६४ असतो! बाकीची १९ गुपचूप कपाटात जातात आणि त्या एकाचा डंका वाजतो.

आणखी एक पथ्य आहे. टी-कसोटी ‘प्राचलीय’ कुळातली. आकडे सरासरीभोवती घंटेच्या आकारात पसरलेले आहेत, असे ती धरून चालते. चाळीत एक लक्षाधीश राहायला आला, तर सरासरी उत्पन्न एकदम फुगते. बिऱ्हाडे मात्र होती तशीच! अशा वेडगळ आकड्यांचा नमुना लहान असला की ही कसोटी दगा देऊ शकते. तेथे आकड्यांऐवजी त्यांचे क्रम पाहणारी, फ्रँक विल्कॉक्सन या रसायनशास्त्रज्ञाने १९४५ साली सुचवलेली पद्धत अधिक भरवशाची.

दिवाळीच्या खरेदीत ‘प्रयोगाने सिद्ध’ अशी जाहिरात दिसेलच. तेव्हा, वाचकहो, दुकानदाराला दोनच प्रश्न विचारा: शिते किती दाबून पाहिली? आणि कच्ची निघाली ती कोठे ठेवली?