एक चित्रा, दोन तारे

चैत्री पौर्णिमेचा चंद्र ज्या निळसर ताऱ्याच्या आसपास असतो, ती चित्रा मोठ्या दुर्बिणीतूनही एकटीच दिसते. पण १८९० मध्ये जर्मनीतल्या पॉट्सडॅमला हेर्मान फोगेल यांना तिच्या वर्णपटातल्या रेषा मागेपुढे सरकताना आढळल्या. तिथे दोन तारे एकमेकांभोवती फिरत होते. एक फेरी जेमतेम चार दिवसांची.

वर्णपटावरून वेग कळतो, कक्षेचा कल कळत नाही. आणि कल ठाऊक नसेल तर ताऱ्यांचं वस्तुमान काढता येत नाही. कल मोजायचा तर दोघं वेगळे दिसायला हवेत, आणि त्यांच्यातलं अंतर आपल्याला दिसतं ते अडीच-तीन हजार किलोमीटरवर ठेवलेल्या रुपयाच्या नाण्याएवढं.

ही कोंडी फोडली रडारचं तंत्र कोळून प्यायलेल्या एका अभियंत्याने. निलगिरीतल्या अरवंकाडूला १९१६ मध्ये जन्मलेले रॉबर्ट हॅनबरी ब्राउन आणि त्यांचे सहकारी रिचर्ड ट्विस यांनी लष्कराच्या सर्चलाइटचे दोन आरसे व्याधावर रोखले आणि १९५६ मध्ये त्याचा व्यास जाहीर केला. हे शक्यच नाही, असं अनेक भौतिकशास्त्रज्ञ ठासून सांगत होते. दोन आरशांवर पडणाऱ्या प्रकाशातले सूक्ष्म चढउतार एकमेकांशी किती जुळतात, एवढंच ते मोजत होते.

पुढे ऑस्ट्रेलियात नाराब्रीला १८८ मीटर व्यासाचा गोल रेल्वेमार्ग टाकला गेला. त्यावर साडेसहा मीटर रुंदीचे दोन परावर्तक धावत. प्रत्येकात २५२ षटकोनी आरसे. तारा एकटा असला, तर परावर्तकांमधलं अंतर वाढेल तशी जुळणी घटत जाते. जोडी असली, तर ती घटते, पुन्हा वाढते, पुन्हा घटते. चित्रेची जोडी रोज जागा बदलत असल्याने हा चढउतारही रोज वेगळा. त्यातून १९७१ मध्ये कक्षेचा कल हाती आला. वर्णपटाने कक्षेची लांबी किलोमीटरमध्ये दिली होती, नाराब्रीने तीच कोनात दिली. दोन्हींचा मेळ घालताच चित्रेचं अंतर निघालं, सुमारे पावणेतीनशे प्रकाशवर्षं. मोठ्या ताऱ्याचं वस्तुमान भरलं सूर्याच्या जवळपास अकरा पट. हिप्पार्कस उपग्रहाने पुढे अंतर अडीचशेच्या घरात आणलं, तरी निव्वळ भूमितीच्या बळावर केलेलं हे मोजमाप खगोलशास्त्रातल्या सर्वांत देखण्या कामांपैकी एक आहे.

नाराब्रीला फक्त ठळक तारे झेपत. आज चिलीतल्या पारानालला चार दुर्बिणींचा प्रकाश भुयारातून एकत्र आणतात. सरकत्या आरशांनी त्याच्या वाटा समान लांबीच्या करतात. वर्णपटाला सापडतात अगदी बिलगलेल्या जोड्या, छायाचित्रांत दिसतात दूरदूरच्या. मधला पट्टा रिकामाच होता. ह्यूज साना यांच्या गटाने २०१४ मध्ये दक्षिण आकाशातले शंभराहून अधिक महाकाय तारे पारानालहून तपासले. जुन्या नोंदी धरून दहापैकी नऊ ताऱ्यांना निदान एक जोडीदार निघाला.

अशा काही जोड्यांतूनच पुढे कृष्णविवरांच्या जोड्या घडतात. त्यांच्या टकरींच्या लहरी टिपण्यासाठी हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहणार आहे. त्या टकरी किती व्हाव्यात याचं गणित मांडायचं, तर किती महाकाय तारे जोडीने जन्मतात आणि किती अंतरावर, हे आधी माहीत असावं लागतं.