एका औषधास अनेक हात

रसायनशास्त्रज्ञ म्हटला कीं त्यास सर्व रसायनें ठाऊक असावयाचींच, अशी आपली समजूत असते. वस्तुतः हें शास्त्र इतकें विस्तृत आहे कीं, एका मनुष्याचें आयुष्य त्याच्या एका शाखेसही पुरत नाहीं. मग अवघड कार्य तडीस कसें जातें? पेनिसिलिनचा इतिहास याचें उत्तर देतो.

इ. स. १९२८ मध्यें लंडन येथें अलेक्झांडर फ्लेमिंग यांस एका बुरशीच्या सभोंवतीं रोगजंतू नाहींसे झालेले दिसले. परंतु तिच्यांतील गुणकारी द्रव्य शुद्ध स्वरूपांत वेगळें करणें त्यांस साधलें नाहीं. ते जंतुशास्त्रज्ञ होते, रसायनशास्त्रज्ञ नव्हते.

सुमारें दहा वर्षांनीं ऑक्सफर्ड येथें हॉवर्ड फ्लोरी यांनीं निरनिराळ्या विषयांचे जाणकार एकत्र आणिले. अर्न्स्ट चेन यांनीं त्या द्रव्याचे गुणधर्म अभ्यासिले. नॉर्मन हीटली यांनीं तें वेगळें काढण्याची युक्ति शोधिली: प्रथम आम्ल मिसळून तें ईथरमध्यें उतरवावयाचें, आणि तेथून किंचित् अल्क असलेल्या पाण्यांत परत घ्यावयाचें. एडवर्ड एब्रॅहम यांनीं त्यांतील मळ दूर करून तें अधिक शुद्ध केलें.

१९४१ च्या फेब्रुवारींत एका मरणोन्मुख पोलीस शिपायास हें औषध टोंचण्यांत आलें. त्यास उतार पडूं लागला. मूत्रावाटे बाहेर पडणारें औषधही गोळा करून त्यास पुन्हां दिलें. तरी सांठा संपला, आणि मार्चमध्यें तो दगावला. औषध खरें होतें, पण पुरेसें नव्हतें! पुढें अमेरिकेंत पिओरिया येथें, मका भिजविलेलें पाणी बुरशीस खाद्य म्हणून घातल्यावर उत्पन्न अनेक पटींनीं वाढलें.

आतां रेणूच्या रचनेविषयीं वाद उपस्थित झाला. त्यांत चार अणूंचें कडें आहे, असें चेन व एब्रॅहम यांचें मत होतें. नामांकित सेंद्रिय रसायनज्ञ रॉबर्ट रॉबिन्सन यांस तें मान्य नव्हतें. १९४५ सालीं डोरोथी हॉजकिन व त्यांचे सहकारी यांनीं स्फटिकावर क्ष-किरण सोडून निर्णय लाविला. कडें चार अणूंचेंच होतें! असें कडें ताणलेलें असल्यामुळें सहज मोडतें. औषध इतकें नाजूक कां, हें तेव्हां उमगलें.

रॉबिन्सन यांची विद्वत्ता थोडी नव्हती. १९४७ चें नोबेल पारितोषिक त्यांसच मिळालें. परंतु जें एका शाखेस दिसत नाहीं, तें दुसरीस दिसतें. म्हणून, मुलांनो, एक विषय उत्तम शिका. पण शेजाऱ्याचा विषयही समजण्यापुरता अवश्य शिका. नाहीं तर अडल्या वेळीं त्यास प्रश्न तरी कसा विचाराल?